घरात पिसवा झाल्यात? नुसती कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही

गणपतीला गावी गेलो होतो चिपळूणकडे, डोंबिवलीचा फ्लॅट नऊ दिवस बंद. आमचा कुत्रा शेरू आमच्यासोबत गाडीतून आला आणि मांजर मनी, तिला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवलं. परत आलो, कुलूप काढलं, बॅगा हॉलमध्ये टेकवल्या आणि दोन मिनिटांत बायको पाय खाजवायला लागली. माझ्या पांढऱ्या सॉक्सवर तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले, हात लावायला गेलो तर ठिपके उडाले. पिसवा! एका सॉक्सवर दहा-बारा तरी असतील.

माझं डोकंच चालेना, कारण नऊ दिवस घरात रक्त प्यायला कुणी नव्हतं, म्हणजे होत्या नव्हत्या त्या उपाशी मरायला हव्या होत्या ना, मग या इतक्या आल्या कुठून? हे कळेपर्यंत मी जे जे करू नये ते सगळं केलं. शेरूला आठवड्यात तीन आंघोळी, घरभर झुरळांचा स्प्रे, फिनाईलचा पोछा, दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत घोटे लाल. पहिला महिना असाच वाया गेला, तुमचा तो वाचावा म्हणून एवढं सगळं लिहितोय.

आधी खात्री करा की पिसवाच आहेत

खाज सुटली की लोक आधी डास म्हणतात, मग ढेकूण म्हणतात, मग एकमेकांच्या गादीला नावं ठेवतात. पिसू माणसाला बहुतेक घोट्याजवळ आणि पोटरीवर चावते, लाल पुरळ दोन-तीनच्या झुपक्यात येतं. ढेकूण रात्री झोपेत चावतो, मान, दंड, पाठ, जे उघडं असेल तिथं, आणि तो सरपटतो, उडी मारत नाही. पिसू उभी चपटी असते, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, म्हणून केसांमधून सुळकन पळते, पंख नाहीत पण उंच उडी सहज मारते. गोचीड वेगळे, ते कातडीला चिकटून फुगत जातात आणि जागचे हलत नाहीत.

सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे उवांची बारीक दातांची फणी घ्यायची, प्राण्याच्या शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फिरवायची, आणि फणीत काळी पूड आली तर ती ओल्या टिश्यूवर झटकायची. मिनिटभरात कणाभोवती विटकरी-लाल डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर लाल होत नाही. मांजरावर जिवंत पिसू दिसलीच नाही तरी खूश होऊ नका, मांजरं चाटून चाटून त्या गिळून टाकतात, पण ही काळी पूड बऱ्याचदा मागे राहते.

दुसरी टेस्ट घराची. गुडघ्यापर्यंत पांढरे सॉक्स घालून प्रत्येक खोलीत दोन-तीन मिनिटं पाय घासत फिरायचं आणि सॉक्सवरच्या पिसवा मोजायच्या. हसू नका, हाच आकडा पुढे तुम्हाला सांगणार आहे की औषध चालतंय की नाही. आम्ही कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायचो, हॉल ११, बेडरूम ४, किचन ०.

बंद घरात त्या आल्या कुठून

हे समजलं नाही तर पुढचं सगळं फुकट, म्हणून जरा थांबून वाचा. कुत्र्या-मांजरांवर, दोघांवरही, बहुतेक वेळा एकाच जातीची पिसू असते, तिला मांजराची पिसू म्हणतात. मादी पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि जोरात असली की दिवसाला ४० ते ५० घालते. अंडी बारीक मिठाच्या कणाएवढी, पांढरी, गुळगुळीत, अंगावर चिकटून राहत नाहीत, प्राणी जिथं झोपतो, अंग झटकतो, उडी मारतो तिथं गळत जातात. म्हणजे तुमचा कुत्रा घरभर मीठ शिंपडत फिरतोय असं समजा.

अंड्यातून दोन दिवस ते दोन आठवड्यांत अळी येते. ती उजेडाला घाबरते, म्हणून सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या बुडाशी लावलेल्या पट्टीच्या) फटीत, पायपुसण्याच्या उलट्या बाजूला सरकते आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. तिला दमट हवा लागते, कोरड्या हवेत ती सुकून मरते. आता आपल्या कोकणपट्टीतला जून ते सप्टेंबर आठवा, भिंतीला बुरशी, पापड मऊ, मीठ ओलं, तिच्यासाठी तर हे माहेरच. मग अळी कोष करते, आणि खरी गोम इथं आहे. कोष चिकट असतो, त्याला धूळ-केस चिकटून तो धुळीच्या गोळीसारखा दिसतो आणि आतल्या पिसूपर्यंत फवारा पोचत नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येईलच असं नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत येईल नाहीतर महिनोन्महिने आत बसून वाट बघेल. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की पटकन बाहेर.

म्हणजे आम्ही नऊ दिवसांनी दार उघडून बॅगा आपटल्या तीच त्यांची घंटा होती.

साधारण हिशोब असा सांगतात की घरातल्या एकूण पिसवांच्या पसाऱ्यात मोठ्या पिसवा फक्त ५ टक्के, बाकी ५० टक्के अंडी, ३५ टक्के अळ्या आणि १० टक्के कोष. आंघोळ घालून आपण त्या ५ टक्क्यांशी भांडत असतो. आणि कोष मारता येत नसतील तर करायचं काय, तर त्यांना मुद्दाम उठवायचं, बाहेर आलेल्या पिसूला औषध लावलेल्या प्राण्यावर चढू द्यायचं आणि तिनं अंडी घालायच्या आत तिला संपवायचं. मला हे कळायला महिना लागला.

प्राण्यांचं औषध: सगळ्यांना, एकाच दिवशी

घरात तीन प्राणी असतील तर तिघांनाही, जो खाजवत नाही त्यालाही. एक जरी सुटला तर कारखाना चालू राहतो. आमची चूक हीच, खाजवत होता शेरू म्हणून औषध शेरूला, आणि मनी शांतपणे सोफ्यावर बसून अंडी सांडत होती.

कुत्र्याचं आणि मांजराचं औषध वेगळं असतं, इथं काटकसर करू नका. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, थरथर, झटके, फिट येते. गोठ्यातल्या जनावरांसाठी मिळणारं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझ, हेही मांजराच्या जवळ नको. गावी लोक गुरांच्या बाटलीतलं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्यालाही चोळतात, शेरूलाही कुणीतरी तसं लावायला निघालं होतं, मी हात जोडले. घरात दोन्ही प्राणी असतील आणि कुत्र्याला परमेथ्रिनवालं औषध लावलंच असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याला चाटू देऊ नका, त्याच्याजवळ झोपू देऊ नका, त्यापेक्षा दुसरंच औषध मागा. चुकून मांजराला लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन लगेच धुवा आणि त्याच पावली डॉक्टर, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

मग द्यायचं काय, तर ते व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर ठरवेल, पण काउंटरवर गोंधळ नको म्हणून नावं माहीत असू द्या. मानेवर थेंब टाकायच्या औषधात फिप्रोनिल असतं, कधी त्याच्याबरोबर एस-मेथोप्रिन, जे अंडी-अळ्यांची वाढ थांबवतं, ही जोडी घरात पसारा झाला असेल तेव्हा जास्त कामाची. सेलामेक्टिनचे थेंब कुत्र्या-मांजरांना दोघांनाही चालतात. कुत्र्यासाठी चघळायच्या गोळ्या येतात, अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याच्या, फ्लुरालानेर साधारण १२ आठवड्यांची. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर गोळी लिहून घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच, या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये झटक्यांसंबंधी सूचना काढलेली आहे. ससा पाळलेला असेल तर फिप्रोनिल त्याला अजिबात नाही. पिल्लं आठ आठवड्यांच्या आतली असतील तर स्वतःहून काहीही लावू नका, फणी आणि डॉक्टर बस.

डोस वजनावर असतो, अंदाजावर नाही. कुत्रा वजनकाट्यावर उभा राहत नाही हे मान्य, आधी स्वतःचं वजन करा, मग त्याला उचलून करा आणि वजाबाकी. मोठ्या कुत्र्याची एक पिपेट (थेंबांच्या औषधाची छोटी नळी) आणून दोन लहानांत अर्धी अर्धी, हा उद्योग करू नका. थेंब टाकताना मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, केस दोन बोटांनी बाजूला करून कातडीवर टाकायचे, जिथं त्याची जीभ पोचत नाही. आमचा पहिला डोस निम्मा केसांवरच गेला. फिप्रोनिलच्या थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा.

आंघोळ घालायचीच असेल तर ती औषधाच्या दोन-तीन दिवस आधी. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पाणी पडलं की सगळ्या पिसवा तोंडाकडे, कानांकडे पळतात. मग बाकीचं अंग, फेस पाच-दहा मिनिटं ठेवून धुवायचं. मांजराला आंघोळीची जबरदस्ती नको, तुमच्या हाताचीही काळजी घ्या. फणीत आलेल्या पिसवा नखावर मारायला जाऊ नका, वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून ठेवा, साध्या पाण्यावर त्या तरंगतात आणि उडून जातात, साबणाच्या पाण्यात बुडतात.

आता घर, त्याच दिवशी

प्राण्यांना औषध लागलं त्याच दिवशी घर सुरू झालं पाहिजे. सकाळी सगळी अंथरुणं, प्राण्यांची गादी, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, शेरू ज्या सतरंजीवर लोळतो ती, सगळं चादरीत गुंडाळून मशीनपर्यंत न्यायचं, हातात धरून झटकत नेलं तर वाटेत अंडी सांडतात. ६० अंशांच्या गरम पाण्याच्या सेटिंगवर धुवा, मशीन नसेल तर बादलीत कडकडीत पाणी. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत ही आपली परंपरागत अडचण, त्यावर मी इस्त्री वापरली, वाफेची असेल तर उत्तम, गोधडीच्या शिवणींवर आणि सोफ्याच्या कडांवर सावकाश फिरवायची. ऊन पडलं की गाद्या गच्चीवर. प्राण्याचं अंथरूण पुढे दर आठवड्याला धुवायचं, आणि जुनी गादी फारच कुजकट झाली असेल तर सरळ पिशवीत बांधून टाका.

मग व्हॅक्यूम क्लिनर. एरवी आपल्याकडे तो माळ्यावर पडलेला असतो, आता काढा, नसेल तर शेजाऱ्यांकडून मागा. फरशीची घरं असल्यामुळे आपलं नशीब परदेशातल्या कार्पेटवाल्यांपेक्षा बरं, फरशीच्या मधोमध काही नसतं, सगळं कडेला असतं: स्कर्टिंगची रेघ, पलंगाखाली, सोफा उलटा करून त्याचं पोट, सोफ्याच्या गाद्यांच्या मधली खाच, कपाटाखालची फट, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा, आणि प्राणी जिथून उडी मारतो ती जागा, आमच्याकडे खिडकीचा कट्टा. पहिले दोन-तीन आठवडे रोज, नंतर एक दिवसाआड. व्हॅक्यूमनं अंडी आणि अळ्या तर जातातच, पण त्याच्या थरथरीनं कोषातल्या पिसवाही बाहेर येतात, म्हणून तो फिरवल्यावर संध्याकाळी पिसवा जास्त दिसल्या तर घाबरू नका, तेच हवंय. झालं की पिशवी किंवा डबा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत रिकामा करायचा, गाठ मारायची आणि घराबाहेरच्या कचऱ्यात, आतच ठेवला तर तिथून परत बाहेर. व्हॅक्यूम नाहीच मिळाला तर ओलसर फडक्यानं कडा पुसा, केरसुणीनं झाडलात तर केर तिथल्या तिथे पिशवीत भरा.

पोछा साबणाच्या पाण्याचा मारा आणि नंतर फुल पंखा लावून फरशी खडखडीत वाळवा. एसी असेल तर ड्राय मोड, दारं-खिडक्या बंद करून. अळीला दमट हवा लागते हे वर सांगितलंच आहे. फिनाईल मात्र बंद करा, मांजर पंजे चाटतं आणि फिनाईलमधली काही द्रव्यं तिला विषारी असतात.

रात्री एक जुगाड करता येतो, पसरट ताटलीत साबणाचं पाणी, वर टेबल लॅम्प, खोलीत बाकी अंधार. उजेड आणि उबेला पिसवा उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. यानं घर साफ होत नाही पण कुठल्या खोलीत जास्त आहेत ते कळतं आणि सकाळी ताटली बघून मनाला बरं वाटतं.

फवारणी करायची का

घर छोटं आणि पिसवा कमी असतील तर वरच्या दोन गोष्टींवरच भागतं. सॉक्सवर रोज दहाच्या वर येत असतील तर पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, पण फोनवरच त्याला दोन प्रश्न विचारा: औषधाचं नाव काय, आणि त्यात कीटकांची वाढ थांबवणारं पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रिन आहे का. घरात मांजर आहे हे सांगा. आमच्याकडे जो आला तो "सगळ्यावर चालतं साहेब" एवढंच म्हणत राहिला, झुरळांचं जेल किचनच्या कपाटात लावून पैसे घेऊन गेला. पिसवा आणि किचनचं कपाट यांचा संबंध मला आजही कळलेला नाही.

फवारणीच्या आधी व्हॅक्यूम करून घ्या, सगळे प्राणी आणि मुलं बाहेर, माशांची टाकी असेल तर तिचा एअर पंप बंद करून वर नीट झाका किंवा टाकीच हलवा, ही औषधं माशांना फार लागतात. फवारा पूर्ण वाळेपर्यंत आणि खिडक्या उघडून वास जाईपर्यंत कुणी आत नाही. साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी धरूनच चला, मधल्या काळात कोष उघडत असतात. आणि फवारल्यावर त्या कडांवर रोज पोछा मारू नका, औषध पुसून जातं, व्हॅक्यूम चालू ठेवा.

घरगुती उपायांचं काय

आईनं सांगितलं कडुनिंबाचा पाला पसर, मामानं सांगितलं निरगुडीचा धूर कर. धूर केला, डोळे आमचेच चुरचुरले, पिसवांनी बहुतेक खोली बदलली. पाल्यानं नुकसान नाही पण त्यावर विसंबून आठवडे घालवू नका. मीठ पसरा असं सांगतात, ते कोरड्या देशात ठीक असेल, डोंबिवलीत ऑगस्टमध्ये फरशीवर मीठ पसरलं तर सकाळी खारं पाणी मिळतं. डांबर गोळ्या, रॉकेल, टी ट्री ऑइल, जेवणात लसूण, हे चारही प्राण्यांना विषारी आहेत, नकोच. जुन्या लोकांच्या तोंडी अजून गमेक्सिन पावडर असते, त्यातल्या लिंडेनवर आपल्याकडे बंदी आहे, कुणाच्या माळ्यावर जुना डबा निघाला तरी हात लावू नका. आवाजाच्या लहरी सोडणारी प्लगची यंत्रं घेऊ नका, मी घेतलं, मनी त्याला टेकून झोपायची.

उंदीर मरून पडला असेल तर गोष्ट वेगळी. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधत बाहेर पडतात, त्या मांजराच्या पिसूपेक्षा वेगळ्या जातीच्या असतात, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो अशाच उंदरांच्या पिसवांमधून पसरला, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. उंदीर पडायला लागले की गावंच्या गावं माळावर झोपड्या बांधून राहायची ते यामुळेच. घाबरवायचं नाहीये, पण मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका, आणि उंदीर मारायचे असतील तर पिसवांचं औषध आधी, उंदरांचं नंतर.

पुढचे तीन महिने

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा परत उसळी येते, तेव्हा लोक म्हणतात औषध बोगस निघालं आणि बदलतात. बदलू नका. ते जुने कोष उघडतायत. प्राण्यांना हॉस्टेलला किंवा नातेवाईकांकडे पाठवू नका, त्यांना नेहमीसारखं घरभर फिरू द्या, औषध लावलेला कुत्रा हाच सगळ्यात चांगला सापळा, पिसू त्याच्यावर चढते आणि मरते. घर रिकामं ठेवलं तर कोष वाट बघत बसतात, आमच्या गणपतीसारखं. महिन्याचं औषध असेल तर तारीख चुकवू नका, निदान सलग तीन महिने, आणि मुंबई-कोकणाकडे राहत असाल तर मी म्हणेन वर्षभर, कारण आपल्याकडे पिसू मरेल एवढी थंडी पडतच नाही. सोसायटीच्या पार्किंगमधली मांजरं, जिन्यातला वॉचमनचा कुत्रा, तिथूनही येत राहतात, सेक्रेटरींशी बोलून त्यांनाही औषध मिळालं तर सगळ्या बिल्डिंगचं भलं होतं, आमच्याकडे वर्गणी काढून केलं.

जंताचं औषधही याच काळात. पिसू गिळली की तिच्यातून कुत्र्या-मांजरांना फितीसारखा जंत होतो, शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. त्याला प्रॅझिक्वांटेल द्यावं लागतं, साध्या जंताच्या गोळीत ते असेलच असं नाही, विचारून घ्या. रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो.

डॉक्टरकडे लगेच जायचं ते तेव्हा, जेव्हा पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसतात आणि ते मलूल पडतं, लहान पिल्लाचं रक्त पिसवा इतकं पितात की ते दगावू शकतं. किंवा शेपटीच्या बुडाशी केस जाऊन कातडी लाल, ओली झाली असेल तर, ती पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी, तिला दोन-चार चावेही पुरतात आणि खाजेचं औषध वेगळं द्यावं लागतं.

आमच्या कालनिर्णयवर पहिल्या दिवशी हॉलचा आकडा ११ होता, मनीलाही औषध लावल्यावर आठवड्यात ६, मग मध्येच एकदा ९, मग ३, आणि दिवाळीच्या फराळाच्या सुमारास पहिल्यांदा शून्य. त्यानंतर चार आठवडे शून्य आला तेव्हा व्हॅक्यूम माळ्यावर गेला. सॉक्स अजून ठेवलेत, गावाहून आलो की आधी ते घालून हॉलमध्ये एक फेरी मारतो, मग बॅगा आत.